धयकालो फुकट कसा राहिला?

दिवाळी सरली की सिंधुदुर्गात जत्रांच्या तारखांची विचारपूस सुरू होते. जत्रेला जाताना खिशात लागतं ते इतकंच: देवीच्या ओटीपुरते पैसे, घरी न्यायला पावशेर खाजं, आणि मध्यरात्री डोळे मिटायला लागले की एक चहा नि कांदाभजी. दशावताराच्या नाटकाला दमडी लागत नाही. देवळासमोर गोधडी अंथरायची आणि पहाटेपर्यंत राजे-राक्षस बघायचे. पोरं आख्यानात झोपतात तर झोपू देत, पण सुरुवातीला काळ्या कपड्यांतला, लाल जीभ लोंबणारा संकासुर येतो तेव्हा ‘संकासुर इलो’ म्हणत सगळी ताठ बसलेली असतात. दशावताराला मालवणीत ‘धयकालो’ म्हणतात, कारण रात्रीचा शेवट दहीकाल्याने होतो.

हा खेळ कोकणात आला कसा, याच्या आख्यायिका एकापेक्षा जास्त आहेत. एक श्यामजी नाईक काळे यांचं नाव घेते आणि 1728 साल सांगते. दुसरी गोरे नावाच्या ब्राह्मणाला श्रेय देते. दोन्हींत दक्षिणेकडे बोट आहे, आणि कर्नाटकातल्या यक्षगान या लोकनाट्याशी असलेलं नातं बघता ते खोटं वाटत नाही. पण त्याच्या बऱ्याच आधी, सतराव्या शतकातच, रामदासांनी दासबोधात दशावतारी खेळाचा दाखला दिला आहे: सुंदर नारी म्हणून नेत्र मोडतात त्या सगळे धटिंगण असतात! म्हणजे बायकांची कामं पुरुषांनी करण्याची रीत तेव्हाही लोकांच्या चांगल्या परिचयाची होती. 1728 सालची गोष्ट फार तर कोकणातल्या एखाद्या नाटकमंडळीची असेल, खेळाची नव्हे.

याच दक्षिणी वळणाच्या खेळांतून पुढे मराठी रंगभूमी निघाली, आणि पैशाच्या बाबतीत दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं, ते कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ बघूनच. तो खर्च सांगली संस्थानचे चिंतामणराव पटवर्धन यांनी उचलला. 1851 मध्ये ते वारले आणि आश्रय गेला. मग भावे मंडळी घेऊन गावोगाव फिरू लागले, आणि 1853 मध्ये मुंबईत त्यांनी तिकीट लावून खेळ केले. राजा गेला म्हणून तिकीट आलं, असं सरळ म्हणता येईल. दशावताराला तिकीट लागलं नाही, कारण त्याचा आश्रयदाता मरणारा नव्हता. तो देव होता.

म्हणजे व्यवहारात देवस्थान. जुन्या मंडळ्यांच्या, मोचेमाडकर, पार्सेकर, वालावलकर, खानोलकर वगैरेंच्या, जत्रा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या असतात. अमुक देवळात अमुक मंडळीच खेळणार. पैसे देवस्थान देतं, त्यात गावकऱ्यांचा वाटा असतो. खेळात आरतीचं तबक प्रेक्षकांत फिरतं, त्यात ज्याला जे जमेल ते पडतं. नवस फेडायला कुणी एखादा आख्खा प्रयोगच देवाला वाहतो. फुकट म्हणतो ते असं गावभर वाटून घेतलेलं असतं, आणि ज्याच्याकडे काहीच नाही तोही पुढे बसू शकतो.

खर्च मुळात कमी ठेवण्याची युक्तीही खेळातच आहे. लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलं की कोण काय बोलणार हे नट रंगपटात तोंड रंगवता रंगवता आपसांत ठरवतात, बाकीचं उभ्या उभ्या सुचेल तसं. नेपथ्य म्हणजे एक लाकडी बाक. तोच सिंहासन, तोच कैलास, गरज पडली तर रथ. साथीला पायपेटी, मृदंग आणि झांज. मंडळीचं सगळं वैभव पेटाऱ्यात मावायचं आणि ते पेटारे डोक्यावर घेऊन नट पुढच्या गावी चालत जायचे. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ ही म्हण तिथली. प्रेक्षकाची स्वस्ताई बरीचशी नटाच्या पायांवर उभी होती, हे आपण बघणारे सोयीने विसरतो.

आता पेटारे टेंपोतून जातात. रंगीत दिवे आणि धूर सोडणारे ‘ट्रिकसीन’ आले. त्यांना गर्दी जमते. मला त्यात संवाद हरवल्यासारखे वाटतात, पण पुढच्या रांगेतल्या पोरांचं मत वेगळं असतं. स्त्रीभूमिकेतले ओमप्रकाश चव्हाण किंवा लोकांनी ज्यांना ‘लोकराजा’ केलं ते सुधीर कलिंगण, अशा नावांवर माणसं गावं ओलांडून येऊ लागली. नावं मोठी झाली तसा तिकिटाचा दशावतारही सुरू झाला: निरनिराळ्या मंडळ्यांतले नामवंत एकत्र आणणारे ‘संयुक्त’ प्रयोग, आणि चाकरमान्यांसाठी मुंबईतल्या नाट्यगृहांतले खेळ. भाव्यांनी पावणेदोनशे वर्षांपूर्वी धरलेली वाट, दुसरं काय.

नटाच्या हाती चार पैसे जास्त येत असतील तर त्याला नावं ठेवायचं कारण नाही. फक्त खुर्चीत बसून बघताना मध्येच उठून भजी खायला जाता येत नाही, ही माझी तक्रार आहे. जत्रेच्या रात्री तिकीट लावायचा विचार मात्र अजून कुठल्या देवस्थानाने बोलून दाखवल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.