बारावीनंतरच मेडिकलची जागा: अमेरिकेतल्या ‘फॅमिली डॉक्टर’ घडवणाऱ्या कोर्सेसची पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

दरवर्षी गणपतीच्या सुमारास अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळातल्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. ‘ते बारावीनंतर डायरेक्ट मेडिकलचं काय असतं हो इकडे?’ भारतात नीट दिली की एमबीबीएस, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की अमेरिकेतला नेहमीचा रस्ता कळला की धक्काच बसतो. आधी चार वर्षांची कुठलीतरी पदवी, मग एमकॅट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा, मग चार वर्षांचं एमडी (इथे डॉक्टरकीची पहिली पदवी हीच) आणि त्यानंतर रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रशिक्षण. मधल्या टप्प्यावर गळणारी मुलं खूप.

या रस्त्याला काही फाटे आहेत. शाळेच्या शेवटच्या वर्षात किंवा कॉलेजच्या सुरुवातीलाच मेडिकलची सशर्त जागा देणाऱ्या कोर्सेसना सरसकट बीएस-एमडी किंवा बीए-एमडी म्हणतात. त्यातले काही नुसते हुशार मुलं लवकर हेरण्यासाठी असतात. ब्राउन विद्यापीठाचा आठ वर्षांचा पीएलएमई त्यातलाच. तिथे एमकॅटची अट नाही आणि पुढे हृदयाचा सर्जन झालात तरी कुणी अडवत नाही. पण सरकारी पैशावर चालणाऱ्या बऱ्याच कोर्सेसचा हेतू वेगळा आहे. त्यांना आपल्या राज्यात, डॉक्टर कमी असलेल्या भागात बसणारे प्रायमरी केअरचे डॉक्टर हवे आहेत. म्हणजे फॅमिली मेडिसिन, जनरल इंटर्नल मेडिसिन, बालरोग. आपल्याकडच्या जुन्या भाषेत, घरचा डॉक्टर.

माझी भाची न्यू यॉर्कच्या क्वीन्समध्ये वाढली. तिच्या अर्जांच्या वेळी घरातला कारकून मीच होतो. तेव्हा कळलं की आम्ही उलट्या टोकाने सुरुवात केली होती. सहा महिने सॅट या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेतल्या गुणांची काळजी केली, आणि गाडं अडलं ते रहिवासाच्या दाखल्यावर.

म्हणून आधी पात्रता. मार्कांचं नंतर बघू.

पहिली चाळणी राज्याची. न्यू मेक्सिको विद्यापीठाचा बीए-एमडी २००६ साली सुरू झाला. वर्षाला २८ मुलं घेतात आणि त्यात न्यू जर्सीच्या मुलाने कितीही गुण मिळवले तरी उपयोग नाही, कारण कोर्सच त्या राज्यातल्या दुर्लक्षित गावांसाठी काढलेला आहे. न्यू यॉर्कचा सोफी डेव्हिस हा कोर्स १९७३ पासूनचा, हार्लेममधल्या सिटी कॉलेजच्या आवारातला. पूर्वी तिथे पाच वर्षं शिकून शेवटच्या दोन वर्षांसाठी दुसऱ्या मेडिकल कॉलेजात जावं लागायचं. २०१६ पासून तिथलंच क्युनी (सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यू यॉर्क) स्कूल ऑफ मेडिसिन स्वतःची एमडी देतं. तीन वर्षं बीएस आणि चार एमडी, सगळी मिळून सात. तोही न्यू यॉर्क राज्याच्या रहिवाशांसाठीच. अलाबामाच्या ग्रामीण कोर्सला तर ग्रामीण अलाबामात किमान आठ वर्षं राहिल्याचं दाखवावं लागतं. हे वाचून मला आपल्याकडचं डोमिसाइल आठवलं. फरक इतकाच की तिथे तहसीलमधून एक शिक्क्याचा कागद मिळतो. इथे असा एकच दाखला नसतो. पालकांचा राज्याचा कर परतावा, घराचा करार किंवा प्रॉपर्टी टॅक्सची पावती, ड्रायव्हिंग लायसन्स, शाळेची नोंद, सगळं मिळून रहिवास सिद्ध होतो. नोकरीमुळे गेल्याच वर्षी राज्य बदललं असेल तर त्या राज्याचा बारा महिन्यांच्या वास्तव्याचा नियम आधी वाचा.

दुसरी चाळणी व्हिसाची, आणि आपल्या लोकांचा घात इथे होतो. सरकारी कोर्सेस बहुतेक नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकांनाच घेतात. एच-४ वरचं, म्हणजे पालकांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेलं मूल अठराव्या वर्षी कॉलेजात गेलं तर एकविसाव्या वर्षी, म्हणजे पदवी हातात पडायच्या आधीच, त्याचं अवलंबित स्टेटस संपतं. मग एफ-१ हा विद्यार्थ्यांचा व्हिसा. एफ-१ वरच्या मुलांना अनेक मेडिकल कॉलेजं घेतच नाहीत. जी घेतात, त्यातली काही चार वर्षांची फी आधीच बाजूला काढून ठेवल्याचा पुरावा मागतात. सात-आठ वर्षांच्या कोर्सचा अर्ज भरताना आजचं स्टेटस लिहून भागत नाही, एकविसावा वाढदिवस कुठल्या सेमिस्टरमध्ये येतो तेही मोजा. इमिग्रेशन वकिलाची एका तासाची फी इथे सत्कारणी लागते.

तिसरी गोष्ट आर्थिक. टेक्सासचा जॅम्प हा कोर्स २००१ साली तिथल्या विधिमंडळाने कायद्याने सुरू केला. तो शाळेतल्या मुलांसाठी नाहीच. टेक्सासमधल्या कॉलेजात पहिल्या वर्षाला असलेल्या, आर्थिकदृष्ट्या मागे असलेल्या मुलांसाठी आहे. निवड झाली तर विद्यावेतन, उन्हाळ्यात मेडिकल कॉलेजातलं प्रशिक्षण, एमकॅटची तयारी आणि अटी पाळल्यास राज्यातल्या एखाद्या मेडिकल कॉलेजात हमखास जागा. दोघंही आयटीत असलेल्या घरातलं मूल त्यात बसणार नाही. पण ह्यूस्टनला मोटेल किंवा किराणा दुकानावर काम करणाऱ्या आपल्या किती तरी घरांना हा कोर्स ठाऊकच नसतो, कारण पालकांच्या चर्चेत ब्राउनच्या पुढे गाडी जातच नाही.

मार्कांचं थोडक्यात सांगतो. शाळेत जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र हवंच, गणित जितकं वरचं तितकं बरं. सॅट-एसीटी काही ठिकाणी सक्तीची, काही ठिकाणी ऐच्छिक. तो नियम दर वर्षी बदलतो, तेव्हा मागच्या वर्षीच्या ताईचं ऐकून चालू नका.

आता कागदपत्रं. शाळेची मार्कांची नोंद आणि समुपदेशकाचा अहवाल शाळाच थेट पाठवते. दोन किंवा तीन शिक्षकांची पत्रं लागतात, त्यातलं एक विज्ञानाचं. कॉमन अ‍ॅपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जात, ‘पत्र पाहण्याचा हक्क सोडता का’ असा प्रश्न येतो. तिथे ‘हो’ म्हणायचं, नाहीतर पत्राला वजन उरत नाही. पत्रांसाठी शिक्षकांना अकरावीच्या शेवटी, जूनच्या आत विचारून ठेवा. सप्टेंबरात त्यांच्यासमोर चाळीस मुलांची रांग असते.

नावाचा घोळ मात्र आपल्याच वाट्याला येतो. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, शाळेत ते गाळलेलं, सॅटवर नुसतं आद्याक्षर. भाचीचे गुण एका पोर्टलवर तीन आठवडे ‘मिळाले नाहीत’ असे दिसत होते, ते याच पायी. अर्जात पासपोर्टवरचं पूर्ण नाव जसंच्या तसं घाला आणि ‘इतर नावं’ हा रकाना मोकळा सोडू नका.

शॅडोइंगची, म्हणजे डॉक्टरांसोबत उभं राहून त्यांचं काम पाहिल्याची वही हा कागदपत्रांत न मोजला जाणारा कागद. तारीख, ठिकाण, तास, कुणासोबत आणि दोन ओळी निरीक्षण. पेशंटचं नाव किंवा ओळख पटेल असं काहीही लिहायचं नाही. अठराच्या आतल्या मुलांना मोठी हॉस्पिटलं सहसा उभं करत नाहीत. गल्लीतला फॅमिली डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, वृद्धाश्रम, मोफत दवाखाना हे जास्त सोपं पडतं, आणि प्रायमरी केअरच्या कोर्सला ते जास्त शोभतंही. ओळखीच्या कार्डिऑलॉजिस्ट काकांकडे चाळीस तास उभं राहून ‘मला खेड्यात फॅमिली डॉक्टर व्हायचंय’ लिहिलं, तर वाचणारा हसणार.

निबंधावर रेंगाळतो, कारण निवड तिथे होते. भाचीचा पहिला मसुदा मानवसेवेपासून सुरू होऊन मानवसेवेवरच संपत होता. तिच्या समुपदेशकाने त्यावर नुसतं ‘कोण बोलतंय?’ एवढंच लिहून परत दिला. मग तिने आजीची गोष्ट लिहिली. आजी साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. साखर उतरेना म्हणून जवळच्या फॅमिली डॉक्टरकडे नेली. त्यांनी सांगितलं, ‘घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा.’ डी-मार्टच्या पिशवीतून गोळ्या टेबलावर ओतल्या तेव्हा कळलं की आजी मेटफॉर्मिन अर्धी मोडून घेत होती. ‘इथे महाग मिळते ना, जाईपर्यंत पुरायला हवी.’ दुभाष्या भाचीच होती. डॉक्टरांनी डोस वाढवला नाही, नुसती पूर्ण गोळी घ्यायला लावली. मुलाखतीत तिला दोनदा याच पिशवीबद्दल विचारलं.

अर्जाचं वेळापत्रक साधारण असं चालतं. १ ऑगस्टला कॉमन अ‍ॅप उघडतं. अनेक बीएस-एमडी कोर्सेसची मुदत नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच संपते, म्हणजे साध्या प्रवेशाच्या आधी. विद्यापीठाचा मूळ अर्ज वेगळा आणि मेडिकलच्या कोर्सचा पूरक अर्ज वेगळा. क्युनीतही असंच आहे. मूळ अर्ज भरून निर्धास्त झालेली आणि पूरक अर्ज राहून गेलेली मुलं दर वर्षी भेटतात. मुलाखती हिवाळ्यात होतात. काही ठिकाणी एमएमआय, म्हणजे आठ-दहा मिनिटांच्या खोल्या आणि प्रत्येकीत नवा प्रसंग. पालकांनी बाहेरच थांबायचं. आणि ईमेल मुलाच्या नावाने तुम्ही लिहू नका, ते लगेच ओळखू येतं. हो किंवा नाही कळवायची सर्वसाधारण तारीख १ मे.

जागा मिळाली की आलेल्या पत्रातला ‘सशर्त’ हा शब्द वाचा. पदवीच्या काळात ठरलेला जीपीए (गुणांची सरासरी) टिकवावा लागतो, काही ठिकाणी एमकॅटचा किमान गुणही. शिवाय सेवेची अट. महाराष्ट्रात सरकारी कॉलेजच्या एमबीबीएसला वर्षाचा बाँड असतो, तसंच काहीसं. मात्र इथे तो कोर्सला चिकटलेला असेलच असं नाही, अनेकदा पैशाला चिकटलेला असतो. नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर या केंद्र सरकारच्या योजनेची शिष्यवृत्ती मेडिकलची फी भरते आणि दरमहा खर्चाला पैसे देते. बदल्यात डॉक्टर कमी असलेल्या भागात किमान दोन, जास्तीत जास्त चार वर्षं प्रायमरी केअर करायचं. मध्येच सोडलं तर तिप्पट रक्कम व्याजासह परत. आणि ती फक्त अमेरिकी नागरिकांना मिळते, ग्रीन कार्डवर नाही.

कर्जाचा हिशेबही बदललाय. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस, म्हणजे पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं सरकारी कर्ज मिळणार नाही. मेडिकलसारख्या व्यावसायिक पदवीला सरकारी कर्ज वर्षाला ५०,००० डॉलर आणि एकूण २,००,००० डॉलरपर्यंतच. खाजगी कॉलेजची फी यापेक्षा सहज वर जाते, तेव्हा राज्यातलं सरकारी कॉलेज ‘कमी नावाचं’ म्हणून नाकारण्याआधी हा आकडा समोर ठेवा.

शेवटचा कागद लसींचा. गोवर, कावीळ-ब, कांजिण्या यांच्या रक्तचाचण्या आणि टीबीची तपासणी लागते. भारतात जन्मलेल्या मुलांना बीसीजी दिलेली असते, त्यामुळे हातावरची टीबीची टेस्ट उगीचच पॉझिटिव्ह येऊ शकते आणि छातीच्या एक्स-रेची वरात सुरू होते. पहिल्यांदाच रक्तातली टीबी टेस्ट मागून घ्या. साताऱ्याच्या डॉक्टरांच्या हस्ताक्षरातलं लसींचं जुनं पिवळं कार्ड आम्हाला अखेर आजीच्याच कपाटात सापडलं, गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांखाली.