शिडी कारक कणाला वर ढकलत नाही

‘चढता कारक लावला की कणाला ऊर्जा मिळते आणि तो वरच्या पातळीवर जातो.’ क्वांटम भौतिकशास्त्राच्या वर्गात हे वाक्य सर्रास ऐकू येतं. पण हा कारक (ऑपरेटर) म्हणजे धक्का नव्हे. एका ऊर्जा-पातळीच्या स्थितीवरून शेजारच्या पातळीची स्थिती काढून देणारी ती गणिती क्रिया आहे. चढता कारक वरच्या पातळीची स्थिती देतो, उतरता खालच्या; म्हणून या जोडीला शिडी कारक म्हणतात.

हार्मोनिक ऑसिलेटरच्या, म्हणजे स्प्रिंगला बांधल्यासारख्या मागे-पुढे डोलणाऱ्या कणाच्या, पातळ्या 0 पासून मोजा आणि क्रमांक 3 च्या स्थितीवर चढता कारक लावा. क्रमांक 4 मिळते खरी, पण √4 म्हणजे 2 ने गुणलेली! कण कुठेतरी सापडण्याची एकूण संभाव्यता 1 असायला हवी, ती राहिलीच नाही. मग ही प्रत्यक्ष घडलेली उडी कशी असेल? खऱ्या उडीसाठी प्रकाशासारखं बाहेरचं काहीतरी लागतं.

तळाच्या पातळीवर उतरता कारक लावला तर शून्य येतं. ते शून्य ऊर्जेची स्थिती नव्हे, तिथे स्थितीच उरत नाही.