रेषेचे बिंदू-चढ समीकरण

रेषेचा चढ (उभ्या फरकाला आडव्या फरकाने भागून येणारी संख्या) आणि तिच्यावरचा एक बिंदू यांवरून लिहिलेले समीकरण म्हणजे त्या रेषेचे बिंदू-चढ रूप. चढ म, बिंदू (अ, ब) आणि रेषेवरचा कोणताही बिंदू (क्ष, य) असेल तर ते असे:

य − ब = म(क्ष − अ)

नुसत्या चढाने रेषा ठरत नाही, कारण त्याच चढाच्या असंख्य समांतर रेषा असतात. एका बिंदूतूनही वाटेल त्या दिशेने रेषा काढता येतात. दोन्ही अटी घातल्या की एकच रेषा उरते.

हे सूत्र वेगळे पाठ करावे लागत नाही. ती चढाची व्याख्याच आहे. रेषेवरचे कोणतेही दोन बिंदू घेतले तरी उभ्या फरकाला आडव्या फरकाने भागून तीच संख्या मिळते, कारण त्यांतून होणारे काटकोन त्रिकोण समरूप असतात. मग एक बिंदू (अ, ब) पक्का धरायचा आणि दुसरा, (क्ष, य), रेषेवर फिरता ठेवायचा: (य − ब)/(क्ष − अ) = म. इथे एक बारकावा सहसा नजरेतून सुटतो. फिरता बिंदू (अ, ब) वर आला की छेद शून्य होतो, म्हणजे ज्या बिंदूपासून सुरुवात केली तोच गळतो. दोन्ही बाजूंना छेदाने गुणले की तो परत येतो. म्हणून सूत्र गुणाकाराच्या रूपात लिहितात.

समजा, चढ −२/३ आणि बिंदू (−४, ५) आहे. य − ५ = −२/३(क्ष + ४). कंसातले अधिक चिन्ह जपावे. उणे चारची वजाबाकी आहे, आणि बहुतेक चुका इथेच होतात. ३ ने गुणून मांडणी केली की २क्ष + ३य = ७. याच रेषेवरचा (२, १) घेऊन सुरुवात केली तरी शेवटी हेच समीकरण हाती येते.

उभ्या रेषेला चढ नसतो, तिथे सरळ क्ष = अ लिहितात.

या रूपाचा खरा उपयोग वक्राच्या स्पर्शिकेसाठी, म्हणजे वक्राला एका बिंदूपाशी स्पर्श करणाऱ्या रेषेसाठी, होतो. स्पर्शिका काढण्याच्या रीतीवरून १६३८ मध्ये फेर्मा आणि देकार्त या फ्रेंच गणितज्ञांत वादही झाला होता. आज विकलनाने (वक्राचा एखाद्या बिंदूपाशी चढ काढण्याच्या रीतीने) चढ मिळतो आणि स्पर्शबिंदू हाताशी असतोच. य = क्ष² या वक्राचा (३, ९) पाशी चढ ६, म्हणून स्पर्शिका य − ९ = ६(क्ष − ३). तिच्यात क्ष = ३.०१ घातले तर य = ९.०६ येते, ३.०१ चा खरा वर्ग ९.०६०१ आहे; म्हणजे स्पर्शबिंदूजवळ स्पर्शिका वक्राच्या अगदी जवळून जाते.