लेप्टोची गोळी, मुरमांची गोळी

कोकणात लावणीला हात लागला की आशाताई आणि आरोग्यसेवक वाडीवाडीवर डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊन फिरतात. चिखलात उभं राहून काम करणाऱ्यांनी, गोठ्यात वावरणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा 200 मिलिग्रॅम घ्यायचं, जेवून आणि भरपूर पाण्याबरोबर. उंदराच्या मुतातून शेताच्या पाण्यात उतरणारा लेप्टोस्पायरा हा जिवाणू पायाच्या भेगांतून, खरचटलेल्या जागेतून शरीरात शिरतो आणि ‘लेप्टो’चा ताप आणतो. 2005 च्या जुलैतल्या अतिवृष्टीनंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली आणि पुढच्या दशकात सिंधुदुर्गातल्या गावांनाही हे नाव पाठ झालं. आठवड्याला एक डोस हे गणित आलं पनामाच्या जंगलात सराव करणाऱ्या अमेरिकन सैनिकांवरच्या प्रयोगातून. 1984 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: औषध नसलेल्या, नुसत्या दिखाऊ गोळ्या घेणाऱ्यांत वीस जणांना लेप्टो झाला, डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्यांत एकालाच.

आता त्याच घरात अकरावीतला मुलगा किंवा मुलगी असेल, तर त्यांच्या दप्तरातही डॉक्सिसायक्लिनचं पाकीट सापडू शकतं. रोज एक, 100 मिलिग्रॅमची. ती मुरमांसाठी.

एकाच गोळीची ही दोन कामं लोकांच्या डोक्यात एकत्र झालेली दिसतात. लेप्टोसारखी ही गोळीही दोन-चारदा घेतली की काम झालं, असा हिशोब असतो. आठवड्यात चेहऱ्यावर फरक दिसला नाही की डॉक्टर बदलायचा. उलट ज्यांना फरक पडतो ते तीच जुनी चिठ्ठी दाखवून वर्ष-दोन वर्षं गोळ्या घेत राहतात, कारण मालवणीत ऐकू येणारं गाऱ्हाणं ठरलेलं आहे: “जवसर गोळयो खातंय तवसर बरा, सोडलंय काय परत येतत.” ही दोन्ही टोकं नुसत्या अडाणीपणातून आली आहेत, असं मला वाटत नाही. ही गोळी मुरमांवर किती दिवस द्यायची, हे ठरवायला डॉक्टर मंडळींनाही अर्धं शतक लागलं.

डॉक्सिसायक्लिन ज्या टेट्रासायक्लिन घराण्यातलं, त्याची सुरुवात मातीतून झाली. मृगाच्या पहिल्या सरीला मातीचा जो वास येतो, तो बराचसा स्ट्रेप्टोमायसिस कुळातल्या जीवाणूंमुळे. याच कुळातला एक सोनेरी रंगाचा जीव 1945 मध्ये अमेरिकेत मिसूरी विद्यापीठाच्या प्रयोगशेतातल्या मातीत मिळाला. शोधणारे बेंजामिन डुग्गर हे वनस्पतिशास्त्रज्ञ सत्तरी ओलांडलेले, विद्यापीठातून निवृत्त होऊन लेडर्ले कंपनीत आलेले. तिथले संशोधनप्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्या जिवाणूपासून निघालेलं ऑरिओमायसिन हे टेट्रासायक्लिन घराण्यातलं पहिलं औषध 1948 मध्ये जगापुढे आलं आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सुब्बाराव गेले. त्यांचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत जितकं यायला हवं तितकं येत नाही, हे जाता जाता नोंदवतो. फायझरचं टेरामायसिन 1950 मध्ये आलं आणि पुढच्या काही वर्षांत साधं टेट्रासायक्लिन.

त्याआधी मुरमांवर काय होतं? पाश्चात्त्य दवाखान्यांत गंधकाची मलमं, रिसॉर्सिनॉल हे कातडी सोलणारं रसायन आणि चक्क क्ष-किरण. चेहऱ्यावर क्ष-किरण मारून तेलग्रंथी सुकवण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जोरात होती. अशा रुग्णांपैकी काहींना पुढे थायरॉइडचा कर्करोग झाला, तेव्हा ती मागे पडली. आपल्याकडे सहाण होती. दुधात उगाळलेलं जायफळ, चंदन, आंबेहळद. ‘रक्त बिघडलंय’ हे निदान आणि त्यावर रक्तशुद्धीचा काढा. आंब्याच्या दिवसांत दोष आंब्याला. यातल्या काही ‘पुळ्या’ मुरूम नसतातच. आंबा उतरवताना, देठ मोडताना उडणाऱ्या चिकाने कातडी भाजते, फोड येतात. त्यावर अँटिबायोटिकची गोळी घेऊन काही होत नाही.

1950 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी टेट्रासायक्लिन मुरमांवर द्यायला घेतलं. कारण सरळ वाटत होतं: पू आहे म्हणजे जंतू आहेत, जंतू आहेत म्हणजे अँटिबायोटिक. गोळी लागूही पडली, पण कारण अर्धंच बरोबर होतं. ज्या जिवाणूला पूर्वी प्रोपिओनिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस म्हणत आणि 2016 पासून क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस म्हणतात, तो स्वच्छ, नितळ चेहऱ्यावरही राहतो. मुरूम सुरू होतो तेलग्रंथीचं तोंड बुजल्यावर. वयात येताना संप्रेरकं वाढतात, तेल वाढतं, छिद्रात मृत पेशींचं बूच बसतं, मग आत हा जिवाणू माजतो आणि शरीर त्याच्यावर चाल करून जातं. ती लाली, ती ठणक ही त्या चढाईची. टेट्रासायक्लिन जिवाणू कमी करतंच, शिवाय पांढऱ्या पेशींची धावपळही शांत करतं. जंतू मरणार नाहीत इतक्या कमी मात्रेतही सूज उतरते, हे नंतर कळलं. पण बूच तसंच राहतं आणि तेलही. म्हणूनच “सोडलंय काय परत येतत”. त्या बुचासाठी रेटिनॉइडचं मलम लागतं, आणि लोक सोडतात ते नेमकं तेच, कारण पहिले काही आठवडे त्याने कातडी सुटते, चुरचुरते.

गोळी थांबवली की मुरूम परततात, मग थांबवायची कशाला, असं म्हणत 1960 आणि 70 च्या दशकांत महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं टेट्रासायक्लिन दिलं गेलं. टेट्रासायक्लिन घेणं कटकटीचं होतं: दिवसातून अनेकदा, रिकाम्या पोटी, दुधाशिवाय, कारण कॅल्शियम आणि लोह त्याला आतड्यातच बांधून टाकतात. लहान मुलांच्या दातांवर त्याचे पिवळे-करडे पट्टे कायमचे राहतात, हे 1956 पासून वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागलं. तरी पुढची कितीतरी वर्षं सर्दी-खोकल्याला मुलांना ते पाजलं गेलं. आज पन्नाशी-साठीतल्या काही माणसांचे दात हसताना राखाडी दिसतात, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. आठ वर्षांखालच्या मुलांना ही औषधं एरवी टाळावीत, हा नियम त्यातूनच आला.

डॉक्सिसायक्लिन 1967 मध्ये बाजारात आलं आणि या कटकटी कमी झाल्या. दिवसातून एकदा, जेवणानंतर चालते. पण रुग्ण जे सांगतात ते ऐकलं तर या गोळीचीही आपली तऱ्हा आहे. सकाळी कोऱ्या चहाबरोबर उपाशीपोटी घेतली की मळमळ, उलटी. रात्री निजताना घोटभर पाण्याने गिळून लगेच आडवं झालं की गोळी अन्ननलिकेत चिकटते, तिथे जखम होते, आणि दुसऱ्या दिवशी आवंढा गिळतानाही छातीत आग पडते. लोकांना ती ‘अ‍ॅसिडिटी’ वाटते. गोळ्या उष्ण पडतात, असं म्हणून विषय संपवला जातो. मोठा पेलाभर पाणी आणि निदान अर्धा तास उठून बसणं, एवढ्याने हे टळतं. शाळेतून मिळणाऱ्या लोहाच्या निळ्या गोळ्या आणि डॉक्सिसायक्लिन एकत्र घेणाऱ्या मुलींना कुणी सांगत नाही, की दोन्हींत दोन-तीन तासांचं अंतर हवं, नाहीतर मुरमांची गोळी वाया जाते.

किनाऱ्यावर सगळ्यात मोठी अडचण उन्हाची. डॉक्सिसायक्लिन चालू असताना त्वचा उन्हाला फार लवकर भाजते: नाकाचा शेंडा, गाल, हाताची मागची बाजू. क्वचित नखं बुडापासून सुटतात. होडीवर जाणारा तरुण, ओट्यावर सुकी मासळी पसरणारी मुलगी, एप्रिल-मेमध्ये आंबा उतरवणारे यांना ‘उन्हात जाऊ नका’ सांगणं म्हणजे काम सोडा सांगणं. लेप्टोची गोळी ढगाळ आषाढात, आठवड्याला एकदा घेतली जाते, म्हणून तिचा हा गुण गावाला फारसा ठाऊकच झाला नाही. 1970 च्या दशकात आलेलं याच घराण्यातलं मिनोसायक्लिन उन्हाला कमी चिडतं, पण त्याची किंमत वेगळी: चक्कर, दीर्घ वापराने कातडीवर निळसर-करडे डाग, क्वचित ल्युपससारखा, शरीर स्वतःवरच उलटतं असा आजार. आज ते पहिली निवड राहिलेलं नाही.

मग प्रतिकार आला. इंग्लंडमधल्या लीड्सच्या त्वचारोग केंद्राने मुरमांच्या रुग्णांची वर्षानुवर्षं तपासणी केली. 1991 मध्ये साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या त्वचेवर औषधाला न जुमानणारे जिवाणू होते, 1997 पर्यंत जवळपास दोन तृतीयांशांच्या. एरिथ्रोमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकची यात सर्वांत जास्त वाट लागली. आणि गोळी पोटातून जाते, त्यामुळे आतड्यातले, घशातले जिवाणूही तिच्याशी जुळवून घ्यायला शिकतात. या शतकात मार्गदर्शक सूचना आखडत गेल्या: तीन महिने, फार तर चार. सोबत जिवाणू मारणारं बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा रेटिनॉइडचं मलम हवंच, नुसती गोळी नको. गोळी थांबली तरी मलम चालू. गळवासारख्या मोठ्या, व्रण पाडणाऱ्या मुरमांसाठी 1982 पासून आयसोट्रेटिनॉइन हे पोटातून घ्यायचं औषध आहे. ते गरोदरपणात अजिबात चालत नाही, आणि टेट्रासायक्लिन घराण्याबरोबर एकत्र द्यायचं नाही, कारण मेंदूभोवतीचा दाब वाढू शकतो.

भारतात दरम्यान अ‍ॅझिथ्रोमायसिनने जागा घेतली. आजच्या क्रोएशियातल्या झाग्रेबच्या प्लिव्हा कंपनीत 1980 मध्ये तयार झालेलं हे अँटिबायोटिक शरीरात दिवसेंदिवस टिकतं, म्हणून आठवड्यातून तीन दिवस किंवा महिन्यातून काही दिवस घेण्याची पद्धत इथे लोकप्रिय झाली. रोजची आठवण नको, उन्हाची भीती कमी, रुग्ण खूश. माझं मत याबाबत कडक आहे. टायफॉइडवर तोंडाने देण्याजोगी जी मोजकी औषधं उरली आहेत, त्यांत अ‍ॅझिथ्रोमायसिन आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2017 पासूनच्या वर्गवारीत डॉक्सिसायक्लिन सहज वापराच्या गटात आहे आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन जपून वापरायच्या. कोविडच्या काळात घरोघर त्याची पाकिटं पडली होती, त्यातली उरलेली कॉलेजच्या मुलांच्या गालांवर संपली. पाकिटावरच्या उभ्या लाल रेघेचा अर्थ चिठ्ठीशिवाय घेऊ नका, ही मोहीम केंद्राने 2016 मध्ये काढली. ती रेघ मेडिकलवाल्यालाही दिसते आणि गिऱ्हाइकालाही.

त्वचारोगतज्ज्ञ न मिळणं हा कोकणातला खरा अडसर. सावंतवाडी-दोडामार्गकडचे लोक गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात, रत्नागिरीकडचे घाट चढून कोल्हापूरला किंवा नातेवाईक आहेत म्हणून मुंबईला. मुरमांसाठी एवढा प्रवास कोण करतो? मग गणपतीला आलेल्या चुलतभावाने सुचवलेली ट्यूब लावली जाते. तीत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. चेहरा आठवड्यात उजळतो आणि दोन महिन्यांत स्टेरॉइडचे मुरूम उठतात.

दमट हवेत होणाऱ्या पुळ्यांचा एक प्रकार मात्र इथे ओळखायला वारंवार चुकतो. कपाळ, छाती, पाठ यांवर एकसारख्या आकाराच्या बारीक पुळ्या येतात आणि त्या खाजतात. मुरूम सहसा खाजत नाही, आणि त्यात काळी-पांढरी तोंडंही दिसतात. इथे ती नसतात. ही मॅलॅसेझिया नावाची बुरशी असते, केसांच्या मुळाशी वाढलेली. घाम, ओले कपडे, अंगाला चोपडलेलं तेल यांवर ती पोसते. तिच्यावर अँटिबायोटिक दिलं की शेजारचे जिवाणू मरतात, बुरशीला मोकळं रान मिळतं, आणि गोळी घेऊनही पुळ्या वाढतात. रुग्ण म्हणतो औषध लागू पडत नाही, डॉक्टर दुसरं अँटिबायोटिक लिहितो. पुळी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की बुरशीच्या पेशी दिसतात. मग अँटिबायोटिक थांबवून बुरशीवरचं औषध दिलं की त्या काही आठवड्यांत बसतात.