'कॉन्फिगर' एवढा रेंगाळतो का?

नवी मुंबईतल्या ऐरोली ते महापे पट्ट्यात कंपनीचा लॅपटॉप म्हटला की बहुधा विंडोज, आणि अ‍ॅडमिनचे हक्क आयटी विभागाकडे. विंडोजमध्येच लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल सुरू करायला ते हक्क लागतात. विंडोजवर युनिक्ससारखं वातावरण देणाऱ्या सिगविनचा सेटअप मात्र 'नो-अ‍ॅडमिन' पर्याय देऊन स्वतःच्या फोल्डरात बसवता येतो (कंपनीच्या धोरणात बसत असेल तर). त्यामुळे युनिक्सचा सोर्स विंडोजवर कंपाइल करण्याची ही जुनी वाट अजून बुजलेली नाही; फक्त कंपाइलआधी यंत्रावर काय काय आहे ते तपासणारी 'कॉन्फिगर' स्क्रिप्ट तिच्यावर रेंगाळते.

ही वाट पडली १९९५ मध्ये. कॅलिफोर्नियातल्या सिग्नस कंपनीत स्टीव्ह चेंबरलेन यांच्या लक्षात आलं, की विंडोज एनटीच्या ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल झालेले तुकडे) 'कॉफ' साच्यातल्या आहेत आणि ग्नूच्या जीसीसी कंपायलरला तो साचा आधीपासून येतो. म्हणजे कंपायलर नेणं शक्य होतं. अडलं ते 'कॉन्फिगर' स्क्रिप्टपाशी. तिला शेल (आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) हवं, शेलला 'फोर्क', म्हणजे चालू प्रोसेसची प्रत काढणारा कॉल, हवा, आणि विन३२ या विंडोजच्या कॉल-संचात फोर्क नाहीच. म्हणून युनिक्सचे कॉल विंडोजच्या भाषेत उतरवणारी एक डीएलएल (प्रोग्रॅम चालताना जोडली जाणारी लायब्ररी) लिहिली गेली. प्रकल्पाचं आधीचं नाव ग्नू-विन३२ होतं. ट्रेडमार्कच्या अडचणीमुळे ते सिगविन झालं.

गंमत अशी, की ज्या कॉन्फिगरसाठी हा खटाटोप झाला, तोच इथे सर्वांत हळू चालतो. लिनक्सवर फोर्क करताना मेमरीची पानं लागतील तेव्हाच कॉपी होतात. सिगविन तीच एक्झी (प्रोग्रॅमची फाइल) नव्याने सुरू करतं आणि पालक प्रोसेसचा डेटा, स्टॅक, हीप तिच्यात ओततं. कॉन्फिगरच्या शेकडो चाचण्यांत हे पुन्हापुन्हा घडतं. वर प्रत्येक ताजी चाचणी-एक्झी अँटिव्हायरस हुंगतो. बिल्डचा फोल्डर तपासणीतून वगळून घ्या आणि कॉन्फिगरला 'वजा कॅपिटल सी' (-C) हा पर्याय द्या. उत्तरं कॅशमध्ये राहतात, दुसरी खेप लवकर उरकते.

पालकाच्या डीएलएल पाल्यातही त्याच पत्त्यावर चढाव्या लागतात. ३२ बिटांच्या मेमरीच्या अरुंद जागेत त्या एकमेकींवर आदळायच्या, फोर्क पडायचा. मग सिगविनच्या सगळ्या प्रोसेस बंद करून डीएलएलना वेगवेगळे पत्ते नेमून देणारं 'रीबेसऑल' चालवणं आलंच. २०१३ मध्ये ६४ बिटांची आवृत्ती आली आणि हा त्रास बराच निवला.

तिने नवा त्रासही आणला. फार जुन्या टारबॉलमधला (सोर्सच्या गठ्ठ्यातला) 'कॉन्फिग डॉट गेस', म्हणजे यंत्रणा कोणती ते ताडणारी स्क्रिप्ट, ६४ बिटांचं सिगविन ओळखेलच असं नाही. तसं झालं, तर तो आणि त्याची जोडीदार 'कॉन्फिग डॉट सब' बिल्डच्या फाइली बनवणाऱ्या ऑटोमेकच्या फोल्डरातून आणून बदला. लायब्ररीचं फक्त स्टॅटिक रूप तयार झालं, डीएलएल नाही, तर लायब्ररी बांधणाऱ्या लिबटूलला 'नो-अनडिफाइन्ड' हा पर्याय बहुधा मिळालेला नसतो. विंडोजच्या डीएलएलला लिंक करतानाच प्रत्येक चिन्हाचा (फंक्शन वा चलाच्या नावाचा) ठावठिकाणा लागतो.

डब्ल्यूएसएल २०१६ मध्ये आलं, पण त्यात बनतो तो लिनक्सचा प्रोग्रॅम. सिगविनमध्ये विंडोजची एक्झीच बनते. ती दुसऱ्याला देताना 'सिगचेक' चालवून कोणत्या डीएलएल लागतात ते पाहा. 'सिगविन१ डॉट डीएलएल'च्या दोन वेगळ्या आवृत्त्या एकाच पाथमध्ये (प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) आल्या, तर नीट कंपाइल झालेला प्रोग्रॅमही सुरू होताच कोसळू शकतो.