हार्डविकचे दोन वाडे: ‘जुना’ खरंच जुना आहे का?

इंग्लंडच्या डर्बीशायरमध्ये एकाच टेकडीवर, हाकेच्या अंतरावर, दोन वाडे आहेत: हार्डविक ओल्ड हॉल आणि हार्डविक हॉल, म्हणजेच न्यू हॉल. (इथे ‘हॉल’ म्हणजे दिवाणखाना नव्हे, अख्खा वाडा.) जुन्याला छप्पर नाही, नवा धडधाकट. साहजिकच वाटतं, जुना शे-दोनशे वर्षं आधीचा असणार, तो पडला म्हणून नवा बांधला.

तसं झालेलं नाही. जुन्याचं काम १५८७ मध्ये निघालं आणि नव्याचं १५९० मध्ये, तेव्हा जुन्यावर गवंडी राबतच होते. बांधणारी बाईही एकच, श्रूजबरीच्या अर्लची (‘अर्ल’ म्हणजे बडा सरदार) बायको बेस ऑफ हार्डविक.

खरा फरक आखणीत आहे. नवऱ्याशी बिनसल्यावर बेस माहेरी आली आणि वडिलांच्या घराला जोडून बांधत गेली. म्हणून ओल्ड हॉल सुचेल तसा वाढलेला दिसतो. १५९० मध्ये अर्ल वारला, तिच्या हाती मोठं उत्पन्न आलं. न्यू हॉल मात्र आधी कागदावर उतरला. तो आराखडा वास्तुरचनाकार रॉबर्ट स्मिथसनचा मानतात. सहा मनोरे, डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी. या सारखेपणासाठी काही खिडक्या चक्क खोट्या आहेत: बाहेरून काच, आत धुराडं!

समोर उभं राहून खिडक्या खालून वर बघत जा. प्रत्येक मजल्यावर त्या उंच होत जातात. तळमजला नोकरांचा, मधला घरच्यांचा आणि सगळ्यात वरचा मानाच्या पाहुण्यांचा. कोण कुठे बसायचं ते काचच सांगते. काच तेव्हा फार महाग होती. मनोऱ्यांच्या माथ्यावर दगडात कोरलेली ‘ई’ आणि ‘एस’ ही अक्षरं, म्हणजे एलिझाबेथ श्रूजबरी (बेसचं पूर्ण नाव एलिझाबेथ), लांबूनही वाचता येतात. इतक्या ठामपणे आपलं नाव आभाळात लावणारी बाई मला फार आवडते.

१५९७ मध्ये, सत्तरीच्या आसपास, ती नव्या वाड्यात राहायला गेली. तरी जुना सोडला नाही. नोकरचाकर आणि पाहुणे तिथे उतरत. पुढे वंशजांचा ओढा चॅट्सवर्थ या त्यांच्या दुसऱ्या वाड्याकडे गेला आणि अठराव्या शतकात ओल्ड हॉल उतरवायला घेतला.

न्यू हॉल बघून लगेच परतू नका. ओल्ड हॉलच्या उघड्या भिंतींवर वरच्या मजल्यांच्या शेकोट्या अजून आहेत. एकीच्या वर गिलाव्यात घडवलेले दोन धिप्पाड पुरुष उभे आहेत.