चिऊचं घर, सुताची अक्षरं आणि वाचू लागणारा मेंदू

"मला कुठं वाचता येतंय, मी पोराला काय शिकवणार?" सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या आयांच्या तोंडून हे सहज ऐकू येतं. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, शेजारी कन्नड नाहीतर उर्दू. अशा घरातलं मूल मराठी शाळेत मागे पडणारच, असं आपणही धरून चालतो. वाचनाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी मात्र वेगळंच दाखवून दिलं आहे, आणि ते या आयांपर्यंत पोचलंच पाहिजे.

1986 साली फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं. अक्षरांवरून शब्द उलगडता येणं आणि ऐकलेली भाषा समजणं या दोन गोष्टींचा गुणाकार म्हणजे वाचन. बेरीज नव्हे, गुणाकार. त्यामुळे एक बाजू शून्य असेल तर उत्तरही शून्यच. धडा घडाघडा वाचणारी, पण काय वाचलं ते सांगता न येणारी मुलं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. यातली दुसरी बाजू शाळेत जाण्याच्या कितीतरी आधी, कानांवाटे तयार होत असते. ती तयार करायला आईला वाचता येण्याची गरज नाही. विडी वळताना हात गुंतलेले असतात, तोंड मोकळं असतं.

गोष्ट कशी सांगायची यालाही महत्त्व आहे. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी 2 ते 3 वर्षांच्या आसपासच्या मुलांच्या तीसेक कुटुंबांवर प्रयोग केला. तो 1988 मध्ये प्रसिद्ध झाला. सगळे पालक मुलांना पुस्तकं वाचून दाखवत होते. फरक इतकाच, की निम्म्यांना मध्ये थांबून मोकळे प्रश्न विचारायला आणि मुलाचं उत्तर वाढवून पुन्हा म्हणायला शिकवलं होतं. एका महिन्यातच त्यांची मुलं बोलण्याच्या एका चाचणीत दुसऱ्या गटापेक्षा 8.5 महिन्यांनी पुढे निघाली. प्रयोग लहान होता, पण नंतरच्या अनेक अभ्यासांनीही या पद्धतीच्या बाजूनेच कौल दिला.

आपल्या चिऊ-काऊच्या गोष्टीत हे करून बघा. "काऊचं घर कशाचं?" याचं उत्तर एका शब्दात संपतं. "घर वाहून गेल्यावर काऊनं काय केलं असेल?" असं विचारलं की मूल थबकतं, विचार करतं आणि म्हणतं, "भिजला." मग आईनं म्हणायचं, "हो ना, काऊ भिजला, पंख जड झाले, त्याला उडताच येईना." एका शब्दाचं असं वाक्य होतं तेव्हाच भाषा वाढते. हे तेलुगूत झालं तरी चालेल. गोष्टीत आधी काय, नंतर काय, कशामुळे काय झालं, ही समज एका भाषेत आली की दुसरीतही उपयोगी पडते.

याच गोष्टीत शेणाचं आणि मेणाचं घर आहे. दोन्ही शब्दांत सुरुवातीचा एकच आवाज वेगळा आहे, आणि तो ओळखणारा कान पुढे वाचायला सोपं करतो. इंग्लंडमध्ये लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी 4-5 वर्षांच्या सुमारे 400 मुलांचा काही वर्षं माग ठेवला. ज्यांना यमक आणि आवाजातला वेगळेपणा लवकर कळत होता, ती पुढे चांगली वाचू लागली. 1983 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी: आवाजांच्या खेळासोबत ज्यांच्या हातात प्लॅस्टिकची अक्षरंही दिली, त्यांची प्रगती सर्वांत जास्त झाली.

प्लॅस्टिकची अक्षरं विकत आणायची गरज नाही. यंत्रमागाच्या गावात सुताला काय तोटा? पुठ्ठ्यावर खळ लावून जाड सुतानं "काऊ" आणि "चिऊ" चिकटवा. "काऊ"मध्ये आ चा आवाज क नंतर येतो आणि काना क नंतरच लिहितो. "चिऊ"मध्ये मात्र इ ऐकू येते च नंतर, आणि पहिली वेलांटी बसते च च्या आधी. मुलं इथं हमखास अडखळतात. मोठ्यांनाही असे शब्द वाचायला किंचित जास्त वेळ लागतो, असं हिंदी वाचकांवरच्या अभ्यासात दिसलं आहे. वेलांटी वेगळ्या पुठ्ठ्यावर करून मुलाच्या हातानं सरकवून बसवली, "च, चि" असं मोठ्यानं म्हटलं, की हा घोळ हातालाच कळतो.

मात्र नुसता कापूस चिकटवून ससा केला आणि वही भरली, म्हणजे साक्षरता आली असं नाही. घर केलं तर ते कुणाचं, कशाचं, हे मुलानं सांगायला हवं आणि त्यावर नाव घालायला हवं, वेडंवाकडं का होईना. केरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी 2012 मध्ये वाचता न येणाऱ्या 5 वर्षांच्या मुलांचं एमआरआय करून पाहिलं. कळफलकावर टंकलेल्या किंवा ठिपक्यांवरून गिरवलेल्या अक्षरांपेक्षा स्वतःच्या हातानं मोकळं काढलेली अक्षरं पाहताना मेंदूतले वाचनाचे भाग जास्त जागे झाले. ती अक्षरं रोमन होती, हे खरं. तरीही पानंच्या पानं गिरवून घेण्याची आपली सवय थोडी आवरावी, असं मला मनापासून वाटतं.

आणि घाई नको. सोनाली नाग यांनी कन्नड शाळकरी मुलांचा अभ्यास करून दाखवलं, की सगळी अक्षरं, मात्रा, जोडाक्षरं पक्की व्हायला चौथीपर्यंतचा काळ जातो. देवनागरीची घडणही तशीच. म्हणजे तिसरीतल्या मुलाला जोडाक्षर अडत असलं, तरी त्याच्या कानांना मोठी गोष्ट केव्हाच पेलते, आणि ती ऐकवणं पहिलीत थांबवून चालणार नाही. मोठी बहीण मराठीतून वाचेल आणि आई मध्येच तेलुगूत विचारेल, पुढं काय होईल रे?